बोट कुठे ठेवावी: आठ महिन्यांचा अनुभव

मी आणि माझ्या मेहुण्याने गेल्या ऑक्टोबरात भागीत अठरा फुटी फायबरची सेकंडहँड बोट घेतली. बोट पसंत करायला महिना लावला आणि ती ठेवायची जागा एका दुपारी ठरवून टाकली. चुकलो ते तिथेच.

जागा खाडीत आतल्या बाजूला. तरंगता धक्का, नळाला गोडं पाणी, रात्रीचा वॉचमन, गाडी थेट आतपर्यंत, भाडंही परवडणारं. बघायला गेलो तो नेमका पौर्णिमेचा दिवस, वेळ दुपारी बाराची. पाणी काठोकाठ. लगेच ॲडव्हान्स दिला.

पुढच्या अमावस्येला बाराला बाहेर पडलो आणि सहाला परत आलो, तर धक्का चिखलात बसलेला. मोटर अर्धी उचलून रेटायला गेलो, तर पाणी खेचणारी जाळी गाळाने भरली, इंजिन तापलं, अलार्म कोकलायला लागला. दोन तास डास मारत बसलो. शिवाय इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणारं रबरी चाक) बदलावा लागला तो वेगळाच.

तिथल्या म्हाताऱ्या खलाशाला हे सांगितलं तर तो हसला. "दादा, तिथीची पाऊणपट करा ना!" म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, साधारण सहाला भरती. पौर्णिमा-अमावस्येला अकरा-बाराच्या सुमारास, आणि त्यानंतर सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. मुंबईत उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या मोठ्या भरतीच्या दिवसांत, भरती-ओहोटीतला फरक चार-साडेचार मीटरपर्यंत जातो. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, तीच जागा बरी चालते, पण आमच्या सुट्ट्या पंचांग बघून थोड्याच येतात! कुठलीही जागा उधाणाच्या सुकतीला, संध्याकाळी सहाला जाऊन बघा. भरतीला सगळ्याच जागा देखण्या.

जानेवारीत गेटवेच्या बाजूला मुरिंगवर हललो, म्हणजे बोट खोल पाण्यात, तळाशी पक्क्या केलेल्या साखळीला बांधलेली. भाडं जवळपास दुप्पट, पण पाणी कायम. धक्का नाही, त्यामुळे बोटीपर्यंत होडक्याने जायचं. होडकंवाला जेवायला गेला की आपण कठड्यावर. एलिफंटा-मांडव्याच्या लाँचच्या लाटांनी बोट दिवसभर झुलते, आईने एकदाच येऊन कानाला खडा लावला. साखळी मात्र स्वतः तपासायची. मार्चमध्ये शॅकलच्या (साखळी जोडणाऱ्या कडीच्या) पिनेला अडकवलेली तार तुटलेली दिसली, पीन दोन आटे सुटून बाहेर आलेली. भाडं घेणाऱ्यांना विचारलं तर "बघतो" म्हणाले. शेवटी स्टीलची तार मीच आणून पिळली.

अजून एक खर्च कुणी आधी सांगत नाही. बोट कायम पाण्यात राहिली की तीन-चार महिन्यांत तळाला शिंपल्यांचा थर चढतो, वेग पडतो, पेट्रोल जास्त जातं. खरवडणं आणि अँटिफाउलिंग (असा थर चढू न देणारा) रंग आलाच.

पावसाळ्यात बोट मुरिंगवर ठेवायचा विचारही नको. मेअखेरीस भरतीच्या वेळी उताराने ट्रेलरवर ओढली. आता ती यार्डात ताडपत्रीखाली आहे, नाक वर करून. तळाचं बूच काढून चावीच्या जुडग्याला बांधलंय, म्हणजे आत शिरलेलं पाणी वाहून जाईल आणि सप्टेंबरात बूच न लावता बोट पाण्यात लोटायची वेळ येणार नाही. मेहुण्याचा मला भरवसा नाही.