केअर यादीतल्या त्रैमासिकाची नक्कल आणि माझा अडकलेला लेख

प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'यूजीसी केअर लिस्टेड, आठवड्यात प्रसिद्धी' असा मेसेज आला (यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, केअर ही त्याची मान्य संशोधन-नियतकालिकांची यादी होती), तर नियतकालिकाचं नाव ओळखीचं आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका. मला ओळखीच्याच नावाने फसवलं.

मी मराठी शिकवते. २०२३ मध्ये जात्यावरच्या ओव्यांवरचा माझा लेख एका जुन्या, नावाजलेल्या त्रैमासिकासाठी पाठवला. नाव खरं, आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) खरा, संपादकही खरे. केअरच्या यादीत शोधलं, तिथेही नोंद होती. खोटी होती ती वेबसाइट आणि ईमेल. मूळ त्रैमासिक फक्त छापील निघतं, त्याची वेबसाइटच नाही. भामटे नेमकी अशीच नियतकालिकं हेरतात. याला क्लोन जर्नल म्हणतात.

दोन-तीन दिवसांत स्वीकृतिपत्र आलं, सोबत 'प्रोसेसिंग फी' भरायला यूपीआय. खातं संस्थेच्या नव्हे, कुणा व्यक्तीच्या नावावर. पुढे कुरिअरने अंक आला. मुखपृष्ठ हुबेहूब. आत मात्र माझ्या लेखाच्या आधी कोंबड्यांच्या खाद्यावरचा इंग्रजी पेपर आणि नंतर क्लाउड कॉम्प्युटिंगवरचा. सल्लागार मंडळात केव्हाच निवर्तलेल्या एका प्राध्यापकांचं नाव.

कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेच्या, फाईलची छाननी झाली, तेव्हा विषयतज्ज्ञांनी तिथूनच मूळ संपादकांना फोन लावला. "असा विशेषांक आम्ही काढलेलाच नाही, सर." लेख बाद, स्थाननिश्चिती लांबली. पैसे गेल्याचं एवढं नाही. पण म्हाताऱ्या बायांच्या ओसरीवर बसून, त्यांच्या तोंडून एकेक ओवी उतरवून घेतली होती. तो लेख आता दुसरीकडे द्यायचा, तर 'हा आधी छापून आलाय' म्हणतात. वेबसाइटवरून काढा म्हटलं, तर काढायचेही वेगळे पैसे मागितले! याचा संताप अजून जात नाही.

बढतीच्या फाईलमधला लेख वाचायला कोणाला वेळ नसतो, नुसते नग मोजतात. त्यावर हा धंदा उभा आहे. यूजीसीने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं वगळली, मग केअर यादी आणली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केल्याचं जाहीर केलं. आता पारख संस्थांनी आणि आपणच करायची. मेसेज मात्र अजूनही 'केअर लिस्टेड' म्हणूनच फिरतात. यादीच उरलेली नसताना!

म्हणून लेख पाठवण्याआधी ग्रंथालयातून त्या नियतकालिकाचा छापील अंक काढा आणि त्यावरच्या क्रमांकावर संपादकांशी स्वतः बोला. वेबसाइटवरच्या क्रमांकावर नको, तो भामट्यांचाच असतो. आयएसएसएन जुळला याला काही अर्थ नाही. तो नुसता ओळख क्रमांक, दर्जाची हमी नव्हे, आणि दुसऱ्याचा उचलून कोणीही छापतो. 'इम्पॅक्ट फॅक्टर'चा, म्हणजे लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात याचा, आकडा मिरवत असतील, तर तो हा आकडा अधिकृतपणे काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या अहवालात आहे का ते ग्रंथपालांकडून तपासून घ्या. भलत्याच नावांच्या कंपन्या असे आकडे विकतात.

पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. आणि मूळ संपादकांकडून 'हा अंक आमचा नाही' असं लेखी घ्या. मी घेतलं. ते पत्र जोडल्यावर दुसऱ्या एका नियतकालिकाने माझा लेख परीक्षणासाठी ठेवून घेतला आहे.