मांडणी, संकलन आणि रंगकामासाठी: दोन मॉनिटर की एक अल्ट्रावाइड?

मासिकांची आणि दिवाळी अंकांची मांडणी करणाऱ्यांना किंवा व्हिडिओ संकलन करणाऱ्यांना नवा पडदा घ्यायचा असतो, तेव्हा २७ इंची दोन मॉनिटर किंवा ३४ इंची एक अल्ट्रावाइड (नेहमीपेक्षा बराच रुंद मॉनिटर), या दोन पर्यायांपाशी बहुधा गाडी येऊन थांबते. दुकानात मांडलेला अल्ट्रावाइड भव्य दिसतो खरा, पण मोजपट्टी लावल्यास दोहोंची उंची जवळपास सारखीच, साधारण ३३ सेंटिमीटर भरते. फरक आहे तो रुंदीचा: अल्ट्रावाइड सुमारे ८० सेंटिमीटर, तर दोन मॉनिटर मिळून १२० सेंटिमीटर. अल्ट्रावाइडचे ३४४० बाय १४४० आणि २७ इंचीचे २५६० बाय १४४० पिक्सेल ही या आकारांतली नेहमीची रिझोल्यूशन धरली, तर अक्षरे दोन्हींकडे सारख्याच आकाराची दिसतात आणि अल्ट्रावाइडवर दोन मॉनिटरच्या दोन-तृतीयांश इतकीच जागा मिळते.

तरीही मांडणीच्या कामात माझा कौल अल्ट्रावाइडला आहे. ए-४ आकाराची समोरासमोरची दोन पाने प्रत्यक्ष आकारात उघडली, की ती ४२ सेंटिमीटर रुंदी व्यापतात. २७ इंची पडद्यावर मग १८ सेंटिमीटर उरतात आणि त्यांत पानांची यादी, परिच्छेदांच्या स्टाइल, रंग, लिंक यांची पॅनेल कोंबावी लागतात. अल्ट्रावाइडवर त्याच पॅनेलना ३८ सेंटिमीटर मिळतात. ती दुसऱ्या मॉनिटरवर नेता येतात हे खरे, पण प्रत्येक स्टाइल लावण्यासाठी माऊस आणि मान दोन्ही मधली कड ओलांडून जातात आणि अडीचशे पानांच्या अंकात तो त्रास लहान राहत नाही. अल्ट्रावाइड बहुधा वक्र असतो, त्यामुळे स्तंभांच्या सरळ रेषा पहिले काही दिवस किंचित वाकलेल्या भासतात, एवढे मात्र सोसावे लागते.

संकलनात चित्र इतके स्पष्ट नाही. लांबलचक टाइमलाइन (चित्रफितीचे तुकडे क्रमाने मांडलेली पट्टी) अल्ट्रावाइडवर सुखावते आणि २.३९ : १ या प्रमाणातला सिनेमा त्यावर जवळजवळ काठोकाठ बसतो. परंतु बहुतेकांकडे येणारे काम १६ : ९ चे किंवा मोबाइलसाठीच्या उभ्या चित्रफितींचे असते. १६ : ९ चे चित्र पूर्ण पडद्यावर घेतले, की दोन्ही बाजूंना ४४० पिक्सेलचे काळे पट्टे राहतात आणि टाइमलाइन झाकली जाते ती वेगळीच. ग्राहक शेजारी बसून पाहत असेल, तर एका मॉनिटरवर निव्वळ चित्र आणि दुसऱ्यावर टाइमलाइन ही सोय अल्ट्रावाइडला देता येत नाही; शिवाय दुसरा मॉनिटर उभा फिरवला, की उभी चित्रफीत तिच्या पूर्ण उंचीत तपासता येते.

रंगांच्या बाबतीत दोन मॉनिटर घेणारे एक चूक हमखास करतात, ती म्हणजे एकाच मॉडेलची जोडी घेतली की रंग जुळतील असे मानणे. ते क्वचितच जुळतात. पडद्याचे रंग मोजून जुळवणाऱ्या कॅलिब्रेशन यंत्राने दोन्ही ६५०० केल्विनला, म्हणजे पांढऱ्याच्या एकाच छटेला आणले तरी काळाने पुन्हा फरक पडतो. म्हणून सारा पैसा एका चांगल्या आयपीएस (बाजूने पाहतानाही रंग टिकवणाऱ्या प्रकारच्या) मॉनिटरवर घालावा, शेजारी साधा ठेवावा आणि रंगाचा निर्णय फक्त पहिल्यावर घ्यावा. पुष्कळ वक्र अल्ट्रावाइडमध्ये व्हीए या दुसऱ्या प्रकारचे पडद्याचे पॅनेल असते आणि त्यातले रंग बाजूने पाहताना फिके पडतात, हेही रंगकाम करणाऱ्याने विचारात घ्यावे.

पेन टॅब्लेटवर रेखाटणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. टॅब्लेटची पाटी संपूर्ण अल्ट्रावाइडला जोडली, की हाताने काढलेले वर्तुळ पडद्यावर लंबगोल उमटते. प्रमाण राखण्याची सेटिंग लावली तर पाटीचा बराच भाग निरुपयोगी होतो. दोनांपैकी एकाच मॉनिटरला टॅब्लेट जोडल्यास हा प्रश्न जवळपास उरत नाही.

काहींचा निर्णय मुळात त्यांच्या हातात नसतो. एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला बाहेरचा एकच मॉनिटर अधिकृतपणे जोडता येतो, आणि तीन फुटी टेबलावर २७ इंची दोन मॉनिटर शेजारी-शेजारी मावत नाहीत. ज्यांना ही अडचण नाही, त्यांनी खरेदीपूर्वी घरातला एखादा जुना मॉनिटर आठवडाभर शेजारी लावून काम करून पाहावे. त्यावर दिवसभर फक्त मेल आणि व्हॉट्सॲप उघडे राहत असतील, तर दुसऱ्या मॉनिटरचे पैसे अल्ट्रावाइडमध्ये घालायला हरकत नाही.