संपूर्ण घराचे नूतनीकरण: कामांचा क्रम आखून देणाऱ्या सेवेचा अनुभव

कोथरूडमधील आमची इमारत १९८० च्या दशकातील असल्याने भिंतीतल्या गंजलेल्या लोखंडी पाइपांपासून स्वयंपाकघरातील कडाप्प्याच्या ओट्यापर्यंत घरातील जवळपास सर्वच बदलणे भाग होते. ठेकेदार नेमण्यापूर्वी आम्ही एका स्थानिक वास्तुविशारद संस्थेची सेवा घेतली. ही संस्था केवळ कामांचा क्रम आखून देते आणि त्यानुसार देखरेख ठेवते; साहित्य किंवा कारागीर पुरवत नाही. संस्था लहान आहे आणि तिच्याविषयीच्या तक्रारी तिला लेखी कळवल्या आहेत, त्यामुळे नाव येथे देत नाही. शुल्क एकूण खर्चाच्या टक्केवारीत नसून ठरावीक रकमेत आहे, ही मला आवडलेली पहिली गोष्ट, कारण आपण महागडी फरशी निवडली म्हणून सल्लागाराची कमाई वाढत नाही.

संस्थेने दोन तक्ते दिले. पहिला कामांचा: सोसायटीचे ना हरकत पत्र, तोडफोड आणि राडारोडा हलवणे, पाण्याच्या व विजेच्या पाइपांसाठी भिंतींत खाचा, वॉटरप्रूफिंग, गिलावा, फरशी, फॉल्स सीलिंग, सुतारकाम, रंग आणि शेवटी नळ, दिवे व स्विचच्या पट्ट्या. एवढे तर कोणताही मुरलेला गवंडी तोंडपाठ सांगेल आणि त्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही. शुल्क वसूल झाले ते दुसऱ्या तक्त्यामुळे. तो निर्णयांचा होता आणि बऱ्याच अंशी उलट्या दिशेने चालत होता. पलंग घरात सर्वात शेवटी येतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंचे स्विच कोठे हवेत हे खाचा मारण्याआधी ठरावे लागते. शॉवरच्या डायव्हर्टरचा, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे हे वळवणाऱ्या झडपेचा, भिंतीत गाडला जाणारा भाग टाइल्सच्या आधी बसतो, म्हणून कंपनी आणि मॉडेल प्लंबर कामाला लागण्यापूर्वी पक्के हवे. एका कंपनीचा आतला भाग आणि दुसरीचा बाहेरचा, असे सहसा जुळत नाही. चिमणीच्या पाइपाचे भोक, एसीच्या तांब्याच्या नळ्या आणि त्याचे पाणी वाहून नेणाऱ्या नळीचा उतार, गीझरसाठी स्वतंत्र वायर आणि तिचा एमसीबी (भार वाढल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच), अशा प्रत्येक बाबीसमोर ‘अमुक काम सुरू होण्यापूर्वी’ असा रकाना होता. फ्रीजचा दरवाजा कोणत्या बाजूला उघडतो, हा प्रश्न भिंती फोडण्याआधी विचारला गेल्यावर घरच्यांना हसू आले खरे, पण स्वयंपाकघरातील सॉकेटची जागा त्या उत्तरानेच बदलली.

न्हाणीघरांच्या बाबतीत ही सेवा सर्वात काटेकोर होती आणि तसेच असायला हवे, कारण तेथील चूक आपल्याआधी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना दिसते. जुना कोबा स्लॅबपर्यंत उकरून काढल्यावर आधी सांडपाण्याचे पाइप आणि नहाणी ट्रॅप (जमिनीवरचे पाणी जाऊ देणारा, पण दुर्गंधी वर येऊ न देणारा भाग) बसवले गेले. नंतर भिंतीतल्या नव्या सीपीव्हीसी (गरम पाणीही सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) पाइपांची तोंडे बंद करून, हातपंपाने दाब देऊन, काटा खाली येतो का हे पाहिले गेले. तोपर्यंत खाचा भरू दिल्या नाहीत. वॉटरप्रूफिंगचा थर जमिनीपुरता न ठेवता भिंतींवर चढवला, आणि त्यावर पाणी साठवून ४८ तास ठेवल्यानंतर संस्थेचा पर्यवेक्षक खालच्या घरी जाऊन छत पाहून आला. जे काम पुढच्या कामाखाली झाकले जाणार, त्यावर झाकण्यापूर्वी सही झालीच पाहिजे, असा त्यांचा नियम आहे. ठेकेदाराला तो जाचक वाटला आणि एकदा त्याने आवाजही चढवला, पण नियम मोडला गेला नाही.

फरशीबाबतचा सल्लाही नेमका होता. जुन्या फरशीवर नवी बसवली तर तोडफोड वाचते, परंतु जमिनीची पातळी वर येते आणि दरवाजे खालून कापावे लागतात, न्हाणीघराचा उंबरठा ठेंगणा पडतो, ओट्याची उंचीही कमी होते. हे सर्व मोजून दाखवल्यावर आम्ही जुनी फरशी उखडण्याचा निर्णय घेतला.

तक्रारीची पहिली जागा म्हणजे पावसाळा. वेळापत्रकात रंगकाम गणपतीपूर्वी संपणार होते, जे पुण्यात प्रत्येकालाच हवे असते. गिलाव्यावर सात दिवस पाणी मारण्याची तरतूद तक्त्यात होती, परंतु तो वाळण्यासाठी वेळ जवळजवळ नव्हताच. आषाढातल्या हवेत भिंत वाळत नाही, हे सांगण्यासाठी वास्तुविशारदाची पदवी लागत नाही. ओल तशीच असताना रंग चढवला गेला आणि बाहेरच्या बाजूच्या दोन भिंतींना पापुद्रे सुटले. संस्थेने त्या भिंती पुन्हा करून घेतल्या, मात्र ते वेळापत्रक उन्हाळ्यातल्या एखाद्या कामावरून जसेच्या तसे उचलले होते, असे माझे मत आहे.

दुसरी उणीव अधिक खर्चिक ठरू शकली असती. ओटा आणि टाइल्स बसल्यावरच ट्रॉल्यांची मापे घ्यावीत, हे तक्त्यात बरोबर लिहिले होते. पण माप घेतल्यानंतर कारखान्यातून माल येण्यास काही आठवडे लागतात, हे कोठेही धरले नव्हते. त्यामुळे रंगारी आणि सुतार दोघेही रिकामे बसले आणि आम्ही भाड्याच्या घरात अपेक्षेपेक्षा अधिक काळ राहिलो. सुतारकाम सुरू असताना नव्या फरशीवर प्लास्टिक अंथरून वर पीओपीचा थर देण्याचे कामही कोणाच्याच करारात नव्हते. संस्थेने ते ठेकेदाराचे मानले, ठेकेदाराने आमचे. सोसायटीत दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद असते, ही बाब तर पुण्यातील संस्थेच्या ध्यानात यावी अशी कोणाचीही अपेक्षा असेल.

घर पूर्ण रिकामे करून काम करायचे असेल आणि न्हाणीघरे व वायरिंग दोन्ही बदलायची असतील, तर ही सेवा घ्यावी, असे मी म्हणेन. केवळ रंग आणि स्वयंपाकघर करायचे असल्यास चांगला ठेकेदार पुरेसा आहे. करार करताना वेळापत्रकात गिलावा वाळण्याचा आणि माल येण्याचा वेळ वेगळा दाखवायला लावावा आणि फरशी झाकण्याची जबाबदारी नावानिशी लिहून घ्यावी. भिंती बुजवण्यापूर्वी पाइप व वायरी कोठून गेल्या आहेत याची छायाचित्रे, शेजारी मोजपट्टी धरून, घेण्याची या संस्थेची पद्धत आहे, मात्र आम्हाला ती काम संपल्यावर बऱ्याच पाठपुराव्यानंतर मिळाली. तोवर पडद्यांच्या दांड्यांसाठी ड्रिल मारणारा माणूस येऊन गेला होता. शुल्काचा शेवटचा हप्ता ती छायाचित्रे हाती आल्यावरच द्यावा.