बडोद्याच्या घरात सिमवाला चोर-अलार्म: कितपत कामाचा?

चार ते सात हजारांच्या घरात मिळणारं सिमवालं अलार्म किट सध्या बडोद्यात बऱ्याच दारांवर दिसतं. खोक्यावरचं नाव वेगवेगळं, आतला माल जवळपास एकच: कीपॅडचं पॅनेल, दाराचे एक-दोन मॅग्नेट सेन्सर, हालचाल टिपणारा एक पीआयआर सेन्सर, दोन रिमोट, वायरचा छोटा सायरन आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर. सेन्सर पॅनेलला ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर, बिनतारी निरोप देतात, पॅनेल सिमवरून फोन लावतं. विकणारा सायरन वाजवून दाखवतो. आवाज सगळ्यांचाच कानठळ्या बसवणारा असतो, त्यावरून काही ठरत नाही. विचारायचं ते असं, की हे यंत्र महिन्यात किती वेळा उगाच वाजेल? रात्री दोन वाजता तिसऱ्यांदा उगाच बोंबललं, की घरातलेच अडॅप्टर उपसून ठेवतात आणि शेजारी ‘त्यांचा वाजतोच’ म्हणून कूस बदलतात.

किटमधला सर्वांत भरवशाचा भाग म्हणजे दाराचा सेन्सर. आत काचेच्या बारीक नळीत दोन लोखंडी पात्या असतात. हाच रीड स्विच, १९३६ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये निघालेला. चुंबक जवळ असलं की पात्या चिकटतात, दूर गेलं की सुटतात आणि सेन्सर पॅनेलला कळवतो. बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नाही; बिघडतं ते बसवण्यात. दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या जुन्या घरांतली लाकडी दारं पावसाळ्यात फुगतात, चौकटीत पुरती बसत नाहीत आणि फट वाढते. खोक्यावर १५ मिलिमीटर लिहिलेलं असलं तरी कोरड्या दिवसांत अंतर ५ मिलिमीटरच ठेवा, म्हणजे श्रावणात दार थोडं अडलं तरी चालतं. सेन्सर चौकटीवर, चुंबक फळीवर. उलटं केलं तर दार आपटण्याचे धक्के सेन्सर खातो. जागा बिजागरीच्या विरुद्ध बाजूला, वर. सोबतची दुहेरी टेप मे महिन्यात सुटते. तिच्या नादी न लागता दोन-दोन स्क्रू मारावेत.

लोखंडी जाळीच्या दाराला मात्र थेट स्क्रू मारू नका. लोखंड चुंबकाचा जोर स्वतःकडे ओढून घेतं, शिवाय पॅनेलपर्यंत जाणारा सिग्नलही दाबतं. दोन्ही तुकड्यांखाली १० ते १२ मिलिमीटरची लाकडी किंवा ॲक्रिलिकची पट्टी घातली की प्रश्न सुटतो. बऱ्याच ‘खराब’ सेन्सरांचं दुखणं एवढंच असतं.

या किटची खरी उणीव वेगळी आहे आणि ती खोक्यावर छापत नाहीत. सेन्सर फक्त दार उघडल्यावर बोलतो, एरवी गप्प. आतला १२ व्होल्टचा छोटा २३ए सेल संपला, तर पॅनेलला पत्ताच लागत नाही. त्याच्या लेखी दार बंदच आहे. म्हणून महिन्यातून एकदा अलार्म लावून प्रत्येक दार उघडून पाहायचं आणि वर्षाने सेल बदलायचाच. खोक्यासोबत आलेल्या सेलवर तर वर्षभराचा भरवसाही ठेवू नये. महागड्या किटमध्ये सेन्सर ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असं कळवत राहतो. जास्तीचे पैसे कशासाठी मोजायचे, तर यासाठी.

पीआयआर भिंतीच्या आणि माणसाच्या उष्णतेतला फरक पाहतो. इथेच बडोद्याचा उन्हाळा आडवा येतो. मेमध्ये बंद घरात, गच्चीखालच्या खोलीची भिंत ३६-३७ अंशांना पोचली, की ती आणि अंगाचा पृष्ठभाग जवळपास एकाच तापमानाला येतात. ८ मीटरवरून दिसणारा माणूस तेव्हा जवळ येईपर्यंत दिसत नाही. सुट्टीत पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांनी वरच्या मजल्याची राखण एकट्या पीआयआरवर सोपवू नये, गच्चीच्या दाराला मॅग्नेट सेन्सर हवाच.

पीआयआर कोपऱ्यात, जमिनीपासून २ ते २.२ मीटरवर बसवा. माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल अशी जागा निवडा. सरळ त्याच्याकडे चालत येणारा उशिरा पकडला जातो. नजरेच्या टप्प्यात पश्चिमेची खिडकी, हलता पडदा किंवा देवघरातली समई नको. आणि पाल! लेन्सवरून पाल फिरली की सेन्सरला ती हत्तीएवढी दिसते. मागचं वायरचं भोक सिलिकॉनने बुजवा, आतला पल्स जंपर (किती झटके मोजून कळवायचं ते ठरवणारं छोटं टोपण) २ वर ठेवा. एक खुलासा: एकदा हालचाल टिपल्यावर बॅटरी वाचवायला हा सेन्सर तीनेक मिनिटं झोपतो. पुन्हा पुन्हा हात हलवून ‘बंद पडला’ म्हणणाऱ्यांनी खोली रिकामी सोडून थोडं थांबावं.

पॅनेल घराच्या मध्यावर हवं, लोखंडी कपाटापासून दूर. खोक्यावर सेन्सरच्या पल्ल्याचे लिहिलेले ८० मीटर मोकळ्या मैदानातले. दीड फुटी विटांच्या दोन भिंती आल्या की त्यातले फार थोडे उरतात. तळमजल्यावर ते छातीच्या वरच लावा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी घरांत शिरलं, ते विसरायला नको. आतली बॅटरी काही तासांची सोबत करते. वीज दिवसभर नसेल तर पॅनेलही नाही.

सिमचं मात्र आधी पाहा. स्वस्त पॅनेल २जीवरच चालतात, त्यात जिओचं सिम उपयोगाचं नाही. सिमला पिन-कोडचं कुलूप असेल तर काढा, रिचार्जची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. पहिला नंबर पाच मिनिटांत दारात येऊ शकणाऱ्या शेजाऱ्याचा. बरेच जण अमेरिकेतल्या मुलाचा घालतात. साध्या प्रीपेडवर परदेशी फोन सुरू नसेल तर तो लागतच नाही, आणि लागला तरी मुलगा तिथून करणार काय? पोलिसांचा नंबर पॅनेलमध्ये घालू नका, घरी खात्री झाल्यावर माणसानेच फोन करावा. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

आणखी एक खटकणारी गोष्ट: स्वस्त रिमोट दर वेळी तोच ठरलेला कोड पाठवतात, म्हणजे तो हवेतून टिपून दुसऱ्यालाही वापरता येतो. दुकानात ‘रोलिंग कोड (दर वेळी बदलणारा) आहे का’ असं विचारा. उत्तरादाखल विकणारा नुसता हसला, तर कोड ठरलेला आहे असं समजा. असं किट घेतलंच तर रिमोट कपाटात ठेवून कीपॅडवरूनच अलार्म लावा आणि काढा.

मॉलच्या कपड्यांना असतात तसे टॅग घरच्या वस्तूंना लावता येतील का, असंही काही जण विचारतात. त्या टॅगमध्ये बॅटरी नसते. दुकानाच्या दारातले खांब ५८ किलोहर्ट्झचे झटके सोडतात, आतली धातूची पट्टी थरथरते आणि झटका थांबल्यावरही क्षणभर झंकारत राहते, तेच खांब ऐकतात. टॅग चार-दोन रुपयांचा, सगळा खर्च खांबांचा. घरी त्याचा उपयोग शून्य.

बडोद्यात हे किट पैसे वसूल करतं ते १४-१५ जानेवारीला, उत्तरायणाच्या पतंगांच्या दिवसांत. सगळं घर अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, खाली सामसूम आणि पुढचं दार नुसतं लोटलेलं. पॅनेलवर ‘होम’ मोड लावा: तळमजल्याचे दार-सेन्सर जागे, जिन्यातला पीआयआर बंद, नाहीतर तिळगुळासाठी खाली येणारं प्रत्येक पोर सायरन वाजवेल. पुढच्या दाराला ३० सेकंदांचा उशीर द्या, मागच्या दाराला बिलकूल नको. डीजेच्या आवाजात खालचा सायरन वर ऐकू येत नाही. त्यामुळे त्या दोन दिवसांपुरता अगाशीवरच्या कुणाचा तरी मोबाइल नंबर यादीत पहिला घाला.