मोरजीच्या कुंपणाला ड्वार्फ कॅरिसा, १३ महिन्यांनंतर

मला खरं तर बार्बेरी हवी होती. लालजांभळ्या पानांची ठेंगणी जपानी बार्बेरी, फोटोत बघून बघून डोक्यात बसलेली, काटेरी आणि तरी शोभेची. पण चार नर्सऱ्या फिरल्यावर एका वयस्कर माळीकाकांनी मला बसवून समजावलं की बाय, ते थंडीतलं झाड, हिवाळ्यात पानं गाळून निवांत बसतं, ती थंडी त्याला मिळाली नाही तर जोमच धरत नाही, आणि आपल्याकडचा दमट उकाडा तर त्याला अजिबात चालायचा नाही. आपल्या ओळखीची दारुहळद पण त्याच गोतातली, ती पण हिमालयात नाहीतर नीलगिरीत, इथे किनाऱ्याला नाही. त्यांनीच मग ही ड्वार्फ कॅरिसा दाखवली, म्हणजे आपल्या करवंदाची दक्षिण आफ्रिकेतली बहीण. नाताळ प्रांतातली म्हणून तिला नाताळ प्लम पण म्हणतात, आणि ही ठेंगणी जात खास लँडस्केपसाठी.

आईला दाखवली तर ती म्हणाली, "अगो, कांटां विकत कशाला आणतेस, सड्यावर रानभर आहेत." (कांटां म्हणजे कोकणीत करवंदं, सडा म्हणजे कातळाचा माळ.) तिचं बरोबरच आहे, पण सड्यावरचं करवंद माणसापेक्षा उंच जातं आणि हवं तसं पसरतं, त्याला कमरेखाली ठेवायचं तर दर महिन्याला कोयता घेऊन उभं राहायला पाहिजे. ही आपली आपण दीड-दोन फुटांत राहते आणि आडवी भरते.

आमचं घर गोव्यात मोरजीला, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर ४० रोपं लावली, सव्वा-सव्वा फुटावर, पुढच्या पन्नास फूट लांबीच्या गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आतून. या जागेवर आधी गोल्डन ड्युरांटा (पिवळसर पानांचं कुंपणाचं झुडूप) होता, खाऱ्या वाऱ्याने त्याची पानं कडेकडेने करपायची आणि दर मार्चमध्ये अर्धी लाईन काडी व्हायची. कॅरिसाला पहिल्याच उन्हाळ्यात तो वारा पूर्ण लागला आणि एका पानाला डाग नाही. पान जाड, चामड्यासारखं, वर तेलाचा हात फिरवल्यासारखी चकाकी. एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून दोनदाच पाणी दिलं आणि विहीर तळाला गेली तेव्हा दहा दिवस एक थेंब नाही, तरी टवटवीत. फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची, चांदणीसारखी, संध्याकाळी अंगणात बसलं की मोगऱ्याच्या जवळ जाणारा पण थोडा हलका वास येतो, आणि हे मला कोणीच आधी सांगितलं नव्हतं!

आता पावसाळ्याचं सांगते, कारण आपल्याकडे झाड घ्यायचं की नाही ते यावरच ठरतं. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि खाली जांभा खडक. जांभ्यात खड्डा खणला की चिऱ्यात बादली कोरल्यासारखंच होतं, कडा घट्ट असतील तर पाणी निघायला वाटच नाही. आमच्याकडे तेच झालं. जुलैच्या मध्यात गेटकडच्या उताराच्या टोकाची अकरा रोपं पिवळी पडायला लागली, मला वाटलं खत कमी पडलं म्हणून मी आणखी शेणखत घातलं, ती माझी मोठी चूक, कारण खत कमी नव्हतंच, मुळं कुजत होती. एक उपटून बघितलं तर मूळ काळं, बोटाने साल निघून येत होती. सात मेली. उरलेली चार वाचली ती अशी की भर पावसात माझ्या भावाने पहारीने खड्ड्यांच्या खालच्या बाजूला फोडून चर काढला आणि मग आम्ही चिऱ्यांची एक रांग लावून तो तुकडा नऊ इंच वर उचलला, भरावात लाल माती, नदीची जाड वाळू आणि सोडणाचे (नारळाच्या सालीचे) तुकडे. समुद्राची वाळू घालू नका, झाड खारा वारा सोसतं म्हणून मुळाशी मीठ द्यायचं काही कारण नाही. त्या चारांना दीड महिन्यात नवीन फूट आली. बाकीची २९ रोपं मुळातच चढावर होती, त्यांना त्या पावसात काही म्हणजे काही झालं नाही.

काट्यांबद्दल. काटा लांब आणि टोकाला दुभंगलेला, इंग्रजी वाय अक्षरासारखा, आणि तो चपलेतून आत जातो. मोकाट गुरं आमच्याकडे रोजची, ड्युरांटा ती फस्त करायची, हिला एकदा तोंड लावून गेली ती परत आली नाहीत, त्या बाबतीत समाधानी आहे. पण छाटणी करताना जाड चामड्याचे ग्लोव्हज पाहिजेतच, आणि कापलं की पांढरा चीक येतो, तो माझ्या मनगटावर लागून पुरळ आलं होतं, डोळ्याला तर अजिबात लागू देऊ नका. छाटलेल्या फांद्या लगेच गोळा करा, वाटेवर एक राहिली तरी कोणाच्या तरी पायात जाते.

फळांसाठी घेणार असाल तर घेऊ नका. वर्षभरात मोजून आठ फळं मिळाली, लाल, बोराएवढी, चव आंबटगोड करवंदासारखी. तिच्या मुळच्या गावी रात्री फिरणारे पतंग वगैरे परागीभवन करतात, बाहेर फळधारणा कमीच होते. खायचं ते पूर्ण पिकलेलं फळच, पान-फांदी-चीक सगळं विषारी, कण्हेरीच्याच कुळातली आहे ती.

कीड एकदाच आली, सप्टेंबरमध्ये पाऊस थांबून ऊन पडल्यावर पिठ्या ढेकूण, कोवळ्या शेंड्यांवर. मुंग्या दिसल्या की समजा आलाच. निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी आठवड्याच्या अंतराने तीनदा मारलं, गेला.

रोप ९० रुपयांनी पडलं, ड्युरांटाच्या तिप्पट, पण ड्युरांटा मी दर वर्षी परत लावत होते.

लँडस्केपिंगसाठी विचारणाऱ्यांना मी आता तीनच गोष्टी विचारते, समुद्र किती लांब, पाणी कुठे साचतं, आणि घरात लहान मुलं आहेत का. आमच्या भाचीला दोन वर्षं झाली, गेटमधून ती धावतच येते, म्हणून मेलेल्या सात रोपांच्या जागी परत कॅरिसा लावलेली नाही. तिथे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेली लाल पिटकुळी (एक्झोरा) लावली, ती पण चिऱ्यांवर उचलूनच, आणि परवा तिला पहिला गुच्छ आला.