15 इंची कॉइल, काळं रान आणि मंद्रूपचा हरवलेला बोर

सोलापूरजवळच्या मंद्रूपच्या एका मामांनी तळ्यातला गाळ आणून रानावर पसरला. ट्रॉलीवाल्यांनी रात्रीतच काम उरकलं आणि जुन्या बोरचं तोंड गाळाखाली गेलं. मोटर आधीच काढलेली, तोंडावर लोखंडी झाकण ठोकलेलं. गेल्या उन्हाळ्यात विहीर आटली तेव्हा मामांना बोर आठवला. "लिंबापासनं पंचवीस पावलं," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "का तीस असतील की." पोराचं म्हणणं, ते लिंबच नव्हे, पलीकडची बाभळ.

असली कामं माझ्याकडे येतात. मी पाइपलाइनची कामं घेतो आणि गाडलेले व्हॉल्व्ह, जुन्या जीआय लाइनी, बुजलेले बोर शोधायला मेटल डिटेक्टर बाळगतो. यंत्राबरोबर 11 इंची कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची चकती, आली होती. मामांच्या रानात तिने दोन दिवस नुसतं फिरवलं, म्हणून 15 इंची डीडी कॉइल (आत डी आकाराची दोन वेटोळी असलेली) मागवली. साडेअठरा हजार गेले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण विकणाऱ्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

मोठी कॉइल म्हणजे दुप्पट खोल, असं मलाही वाटलं होतं. भाच्याने वहीत मांडून दाखवलं. कॉइलपासून बऱ्यापैकी लांब गेलं की अंतर दुप्पट झाल्यावर तिचा खाली जाणारा चुंबकी जोर आठपट घटतो. वस्तूकडून परत येणाराही तसाच आठपट घटतो. म्हणजे कॉइलच्या हातात येतो तो इशारा 64 पटींनी बारीक. मोठ्या कॉइलचा जोर जरा लांबपर्यंत टिकतो, पण या 64 पुढे तो किती पुरणार? मी परसात खड्डे करून बघितलं. पाच रुपयांचं नाणं लहान कॉइलला 7 इंचांवर लागलं, मोठीला 9 वर. लोखंडी घमेलं मात्र लहानीला दोन फुटांवर कुजबुजल्यासारखं ऐकू आलं आणि मोठीला पावणेतीन फुटांवरही स्पष्ट. साडेअठरा हजार नाण्याच्या दोन इंचांसाठी दिले असते तर बायकोने घरात घेतलं नसतं.

घमेल्याएवढ्या वस्तूंसाठी मात्र ते वसूल झाले. मंद्रूपला परत गेलो आणि डिस्क्रिमिनेशन बंद करून ऑल मेटलवर फिरवलं. हे आवर्जून सांगतो, कारण लोखंड गाळायचं बटण चालू ठेवून लोखंडी केसिंग (बोरमधला पाइप) शोधणारे लोक मी बघितलेत. पहिल्या सकाळीच एक आवाज आला, रुंद आणि दबका, पावलाएवढ्या जागेत चढत जाऊन उतरणारा. मोठ्या कॉइलला नेमकी जागा सांगता येत नाही, टोपलीएवढा अंदाज देते. म्हणून आधी पूर्व-पश्चिम फिरवून फक्कीची रेघ ओढली, मग काटकोनात वळून दुसरी. फुलीवर पहार मारली. अडीच फुटांवर पहारीचा आवाज बदलला. हाताने माती काढली तर झाकण, झाकणाखाली खोचलेलं गोणपाट, आणि गोणपाटाला अजून ग्रीसचा वास. लिंबापासून एकेचाळीस पावलं. मामांनी स्वतः मोजली, दोनदा.

आता रडगाणं. आपली काळी माती बसाल्टची, तिच्यात चुंबकी खनिजाचे कण. कॉइल जेवढी मोठी तेवढी माती जास्त बघते, तेवढी कुरकुरही जास्त. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे यंत्राला मातीचा आवाज वजा करायला लावणं, केल्याशिवाय एक पाऊल टाकता येत नाही, आणि मंद्रूपच्या काळ्या रानातून नान्नजकडच्या मुरमाड माळावर गेलं की तो परत करावा लागतो. कॉइल जमिनीवर वर-खाली हलवत बसलेला माणूस बघून पोरं हसतात. नांगरलेल्या रानात तर ही नेऊच नका. ढेकळांवरून ती सपाट चालत नाही, चार इंच वर तरंगते, आणि जी खोली विकत घेतली ती हवेतच जाते. ज्वारीच्या धसकटांना धडकली की खोटं ओरडते.

विजेचं तर विचारूच नका. थ्री फेजची लाइन, शेजारच्या मोटरचा स्टार्टर, रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन, सगळं हिला ऐकू येतं. झटक्याच्या तारेजवळ घड्याळासारखी टक टक करते. लहान कॉइलही करायची, पण एवढी नाही. सेन्सिटिव्हिटी उतरवली तर खोली जाते. शेवटी मी शेतकऱ्याला आधी एवढंच विचारायला लागलो, "तुमच्याकडं लाइट कधी असतीय?" लाइट गेली की मी जातो. लोडशेडिंगला शिव्या न देणारा तालुक्यात मी एकटाच असेन.

ऊन हा सोलापूरचा स्वतंत्र विषय. काळं प्लास्टिक तासाभरात हात लावू देत नाही, आणि कॉइल तापली की बॅलन्स सरकत जातो. त्यावर उपाय म्हणून पांढरा सोलापुरी टॉवेल चौघडी करून वर बांधतो. ओला नाही, कोरडा. वजनाला दुसरा उपाय. लहान कॉइल दिवसभर एका हाताने फिरवायचो, हिने दोन तासांत खांदा धरला. मुलाच्या जुन्या दप्तराचे पट्टे शिवून यंत्र खांद्याला टांगलंय. दिसायला पोस्टमनसारखं, पण चालतं.

विकणाऱ्याचं भांडण असं. पहिली 15 इंची आली तिच्या पिनांचा यंत्राशी मेळच बसेना. यंत्राचं मॉडेल मी फोनवर दोनदा सांगितलं होतं. परत पाठवायचा खर्च माझा. दुसरी आली ती तिसऱ्या महिन्यात खोटं वाजायला लागली. खालचं कव्हर काढलं तर आत मऊ काळी माती साठून घट्ट बसलेली, त्यात ओल. धुऊन वाळवली, सुरळीत. कव्हर आठवड्याला काढून पुसा, एवढी एक ओळ कागदावर असायला काय हरकत होती? त्याच सुमारास दांड्याला जोडणारा कान तडकला, तो बदलून द्यायला मात्र अजून तयार नाहीत. सध्या एम-सीलवर काम चालू आहे.

दागिन्यांसाठी ही घेऊ नका. बोरामणीजवळ ज्वारी काढताना एका वहिनींच्या कानातलं फूल पडलं. आधी ऐटीत मोठी फिरवली. त्याच पट्ट्यावरून तीनदा गेली आणि गप्प. लहान लावली तर अर्ध्या तासात सापडलं, जेमतेम दोन इंचांवर. वहिनींनी शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून दिली, मोठी कॉइल गाडीतच राहिली.

गुप्तधनवाल्यांचे फोन वेगळे. वाड्यात रात्री या म्हणतात, अर्धं तुम्हाला म्हणतात. त्यांना मी 1878 चा निखात निधीचा कायदा ऐकवतो: जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं जुनं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपये ऐकून फोन ठेवतात. खरोखर खोल, मोठ्या वस्तूंसाठी एक मीटर चौकटीची पल्स यंत्रं मिळतात, ती खिळ्यांकडे लक्षच देत नाहीत. माझ्या धंद्याला ती परवडत नाहीत.

आणि पीव्हीसी पाइप कुठल्याच कॉइलला दिसत नाही, 15 इंची असो नाहीतर गाडीच्या चाकाएवढी. त्या लाइनवर लोखंडी व्हॉल्व्ह किंवा बेंड असेल तरच मला बोलवा. उद्या वडाळ्याला असाच एक चार इंची व्हॉल्व्ह शोधायचाय, उसाच्या खोडव्यात कुठंतरी आहे. लाइट बाराला जाते म्हणे. मी साडेबाराला पोचतो.