यूव्हर्जनचे बायबल ॲप : सकाळच्या मननासाठी कितपत उपयोगी?

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू अन्नवस्त्राच्या चिंतेत असलेल्या श्रोत्यांना आधी देवाचे राज्य व त्याचे नीतिमत्त्व मिळवण्यास झटायला सांगतो. नोकरी-शाळेच्या धावपळीतल्या ख्रिस्ती घरात ही आज्ञा बहुधा सकाळीच पाळली जाते किंवा मोडली जाते. त्या वेळी हाती प्रथम मोबाइलच येत असल्याने यूव्हर्जनच्या बायबल ॲपला मी एकच निकष लावला : ते वाचकाला वचनापर्यंत नेते का?

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या लाइफ चर्च या मंडळीने 2008 साली काढलेले हे ॲप विनामूल्य आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. स्तोत्रसंहिता वाचताना मध्येच कर्जाची जाहिरात डोकावत नाही, हे मोठेच सुख. मराठीत बायबल सोसायटी ऑफ इंडियाची परिचित आवृत्ती आहे, तसेच सोप्या भाषेतील भाषांतरही आहे. उपासनेत वर्षानुवर्षे ऐकलेले शब्द ज्यांच्या ओठांवर आहेत त्यांना पहिली आवृत्ती जवळची वाटेल, तर इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या मुलांना घेऊन कौटुंबिक प्रार्थनेला बसणाऱ्यांनी दुसरी जरूर उघडावी. सामान्य स्त्रीलाही कळेल अशा मराठीत शास्त्र असावे म्हणून पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून भाषांतर करण्यात आयुष्याची अखेरची वर्षे खर्ची घातली, हे लक्षात घेतले म्हणजे एकच वचन दोन मराठी भाषांतरांत ताडून पाहण्याच्या या सोयीचे मोल कळते.

वाचन योजनांविषयी मात्र सावध राहावे. मराठीतील योजना इंग्रजीच्या तुलनेत थोड्या आहेत, आणि संपूर्ण बायबल वर्षात वाचायचे तर 1,189 अध्यायांसाठी रोज तीनहून अधिक अध्याय वाचावे लागतात. क्रमाने जाणारा वाचक जानेवारी सरता सरता लेवीय या पुस्तकात पोहोचतो आणि यज्ञविधींच्या तपशिलात अनेकांचा उत्साह तेथेच मावळतो. नवशिक्याने मार्ककृत शुभवर्तमानाचे सोळा अध्याय सावकाश वाचणे बरे.

माझा खरा आक्षेप सलग दिवसांच्या मोजणीवर आहे. ॲप उघडले की दिवस जमेस धरला जातो. वाचले किती, प्रार्थना केली की नाही, याचा त्या आकड्याशी संबंध नाही. सवय लागेपर्यंत त्याचा आधार होतो हे मान्य, परंतु आकडा तुटू नये म्हणून रात्री अकरा वाजता घाईने ॲप उघडणारा माणूस देवाला प्रथम स्थान देत नसून आकड्याला देत असतो.

त्याच सहाव्या अध्यायात खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करण्यास सांगितले आहे, आणि मोबाइलला दार नसते. वचन उघडे असतानाच वर कार्यालयाचा निरोप झळकतो. यात दोष ॲपचा नसला तरी त्रास वाचकालाच होतो, म्हणून डाउनलोड करण्याची परवानगी असलेली आवृत्ती आधी मोबाइलमध्ये उतरवून घ्यावी आणि वाचताना इंटरनेट बंद ठेवावे.

लोकलच्या प्रवासात, रुग्णालयातील रात्रपाळीत किंवा मराठी मंडळीपासून दूर परदेशी राहणाऱ्यांना हे ॲप मी निःसंकोचपणे सुचवीन. घरच्या एकत्र प्रार्थनेसाठी मात्र छापील पवित्र शास्त्रच वापरावे. ते एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला वाचन येते.